कंठपट्टीचा सोर्स कोड

‘जग’ हा शब्द जरा मोठ्यानं वाचा. वाचलात? आता सांगा, तुम्ही पृथ्वीवरच्या सगळ्या पसाऱ्याबद्दल बोललात, की कुणाला तरी ‘मरू नकोस, जग’ असं सांगितलंत? अक्षरं तीच दोन. पण पहिला ज ‘जीव’मधल्यासारखा टाळूवरून येतो आणि दुसरा ‘जावई’मधल्यासारखा दातांच्या मुळाशी घासून. आपल्याला हे कुणी मुद्दाम शिकवत नाही, तरी आपण चुकत नाही. यंत्राला मात्र ते कुणीतरी सांगावं लागतं आणि सांगितलेलं कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. ते लिहिलेलं नेमकं कुणाच्या हातात आहे, या एका प्रश्नावर २०५१ साली तासगावच्या संकेत हुपरीकरांचा आवाज टांगणीला लागला होता.

संकेतराव एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या तोवर विजेवर धावत होत्या, पुष्कळशा तर चालकाशिवाय. पण फलाट बदलला, गाडी वाटेत बंद पडली किंवा कुणाचं पोर चुकलं की माईकवर माणूसच लागायचा. चार वर्षांपूर्वी घशाच्या कर्करोगामुळे त्यांची स्वरपेटी काढावी लागली, तेव्हापासून ते गळ्याला कंठपट्टी बांधत. माणूस बोलायला गेला की गळ्याच्या स्नायूंत अगदी बारीक वीज निर्माण होते. पट्टी ती टिपून कंपनीच्या दूरच्या संगणक केंद्राकडे धाडायची आणि तिथून शब्द लगेच परत यायचे, तेही संकेतरावांच्याच जुन्या आवाजात. स्टँडवरच्या घोषणांची रेकॉर्डिंग सापडली होती ना! त्यांवरून बनवलेला आवाजाचा नमुना पट्टीतच साठवलेला होता. त्यांची बारा वर्षांची मुलगी शर्वी हिला तर बाबांचा आधीचा आवाज आणि पट्टीचा आवाज यांतला फरकही आता आठवत नव्हता.

आणि ती कंपनी बंद पडत होती. एकतीस मार्चला केंद्राला कुलूप लागणार होतं. जिल्ह्यात अशी पट्टी बांधणारी सदतीस माणसं होती. त्यांनी मिळून एक स्वरमंडळ काढलं होतं आणि संकेतराव त्याचे चिटणीस होते. सदतीस माणसं एकाच संध्याकाळी मुकी होणार, या विचारानं शर्वी उरलेले दिवस बोटांवर मोजत होती.

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी तुषार वेंगुर्लेकर नावाचा एक तरुण विक्रेता घरी आला. बोलायला गोड आणि हातात चकचकीत टॅब.

‘‘सर, केंद्र बंद पडू दे की! हा घ्या कंठपट्टीचा सोर्स कोड (संगणकाला द्यायच्या सूचना, माणसाला वाचता येतील अशा भाषेत लिहिलेल्या). तुमच्या घरातल्या संगणकावर चालवा. आणि सोबत पुनर्विक्रीचा हक्क. म्हणजे हाच कोड तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यांना विकू शकता.’’

किंमत मंडळाच्या शिलकीच्या तिप्पट होती. पण इतर जिल्ह्यांना विकलं की भरपाई होईल, असं तुषारचं म्हणणं. शर्वीला तर तो देवच भेटल्यासारखा वाटला. बाबा मात्र म्हणाले, ‘‘थांब. मुजावर मॅडमना बोलाव.’’

शहनाज मुजावर तंत्रनिकेतनात तीस वर्षं संगणकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्या आल्या त्या विणकामाची पिशवी घेऊनच. खुर्चीत बसून त्यांनी अर्धवट विणलेला स्वेटर शर्वीपुढे धरला.

‘‘शर्वी, हा पुरा झाला की अंगात घालता येईल. पण उद्या कोपरावर फाटला आणि तिथे हीच वीण घालायची असली, तर तुला काय लागेल?’’

‘‘कसा विणलाय ते लिहिलेली वही. दोन सुलट, एक उलट असं.’’

‘‘बरोबर. सोर्स कोड म्हणजे ती वही. तिच्यावरून कोड कंपाइल करतात (म्हणजे माणसाच्या सूचना यंत्राच्या शून्य-एकाच्या भाषेत उतरवतात), तो झाला स्वेटर. यंत्र स्वेटरवरच चालतं. मात्र दुरुस्तीला वही लागते. नुसत्या शून्य-एकावरून मूळ वही परत लिहून काढणं महाकठीण.’’

मग त्या तुषारकडे वळल्या. ‘‘आता तुमचा हक्क. म्हैस विकली की विकणाऱ्याचं दावं रिकामं होतं. कोडाचं तसं नाही. तुम्ही तो आम्हाला विकलात तरी तुमच्याकडे राहतोच. उद्या तुम्ही तो साताऱ्याला विकाल, परवा कोल्हापूरला, आणि त्यांनाही विकायचा हक्क असेलच. मग आमच्याकडून घ्यायला उरेल कोण?’’

‘‘बाजार मोठा आहे मॅडम,’’ तुषार हसला. ‘‘आधी ऐका तर!’’

त्यानं टॅब पट्टीला जोडला. बाबांनी ओठ हलवले आणि खोलीत तोच ओळखीचा आवाज उमटला. ‘‘फलाट क्रमांक दोनवर जत गाडी लागत आहे.’’

शर्वीनं कान टवकारले. ‘‘जत नाही, जत!’’

(छापलेलं दोन्ही सारखंच दिसतंय, त्याला माझा इलाज नाही. आपलं जत ‘जावई’च्या ज चं; यंत्र म्हणालं ते ‘जीव’च्या ज चं.)

‘‘किरकोळ आहे हो,’’ तुषार म्हणाला.

‘‘किरकोळ आहे, मग आत्ताच दुरुस्त करा,’’ मॅडम शांतपणे म्हणाल्या. ‘‘वही तुमच्याकडे आहे. हा एक शब्द बदला, कोड पुन्हा कंपाइल करा आणि ऐकवा. सावकाश होऊ दे, आम्ही बसलोय.’’

तुषारनं कोड उघडला. चाळीस हजार ओळी. त्याचं बोट खाली-वर फिरत राहिलं. शेवटी मॅडम आणि शर्वी त्याच्या शेजारी सरकून बसल्या आणि शब्दाचा माग काढू लागल्या. स्नायूंची वीज मोजणारा भाग सापडला, तिच्यावरून अक्षरं ओळखणारा सापडला. दोन्ही वाचता येत होते. तिथून पुढे मात्र प्रत्येक वाट ‘उच्चार’ नावाच्या एकाच फाइलपाशी येऊन थांबत होती. मॅडमनी ती उघडली. आत नुसता चित्रविचित्र खुणांचा चिखल.

‘‘हे काय?’’ शर्वीनं विचारलं.

‘‘हे आधीच कंपाइल केलेलं आहे. वहीतलं नेमकं हे पान फाडून त्या जागी विणलेला तुकडा चिकटवलाय. चालतो, पण वाचता येत नाही आणि बदलताही येत नाही. तुषार, तुम्ही हा कुणाकडून घेतलात?’’

‘‘पुण्यातल्या एकाकडून. त्यानं आणखी कुणाकडून तरी.’’ त्याचा चेहरा पार उतरला होता. ‘‘खरं सांगू मॅडम? मी विकायलाच घेतला होता. चालतोय ना, एवढंच बघितलं.’’

तो लबाड नव्हता. त्याच्या आधीच्यांनीही बहुधा एवढंच बघितलं असेल. वस्तू या हातातून त्या हातात जात राहिली आणि तिच्यात काय आहे हे पाहायची पाळी कुणावरच आली नाही. विकायचा हक्क आणि दुरुस्त करायची ताकद या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या सकाळी शर्वीला कळलं. पण कळून उपयोग काय? बाबांचा आवाज समोर होता आणि तिला तो हवा होता.

‘‘बाबा, घेऊन टाका ना,’’ ती काकुळतीनं म्हणाली. ‘‘एक ज चुकला तर चुकला. मी सांगेन लोकांना जत कुठली ते.’’

बाबांनी तिला जवळ बसवलं. मग म्हणाले, ‘‘शर्वे, माझ्यापुरतं असतं तर घेतलाही असता. पण पैसे उभे करायचे तर हा दुसऱ्या गावच्या, माझ्यासारख्याच माणसांना विकायला हवा. ती विचारतील, बिघडला तर कोण बघणार? मी काय सांगू? आपण बोलू तो शब्दन्‌शब्द त्या बंद फाइलमधून जाणार. ती आणखी काय करते, कुणाला काय कळवते, मलाच ठाऊक नाही. अशी वस्तू मी लोकांच्या गळ्यात मारायची?’’

एरवी हे आपण सहज बोलून जातो. इथे ती वस्तू खरोखरच गळ्यात बांधायची होती. कुणी हसलं नाही.

‘‘दुसरा मार्ग आहे,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘काही संशोधकांनी अशा यंत्राचा कोड खुला ठेवलाय. कुणीही वाचावा, बदलावा. त्याला मराठी उच्चार मात्र अजिबात येत नाहीत. ते आपल्याला लिहावे लागतील. सहा महिने तरी जातील. आणि जमेलच असं वचन मी देत नाही.’’

बुधवारी मंडळाची सभा झाली. एकतीस जणांनी बाबांचं म्हणणं मानलं. सहा जण रागावून उठून गेले, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आवाज जाणं काय असतं ते आवाज असलेल्यानं सांगू नये.

एकतीस मार्चला संध्याकाळी पाच वाजता केंद्र बंद झालं. जेवताना बाबांचे ओठ हलले आणि काहीच ऐकू आलं नाही. शर्वी ताटावरून उठून परसात गेली आणि पोटभर रडली. दोन दिवस ती त्यांच्याशी अबोला धरून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दप्तरावर एक चिठ्ठी होती. ‘तुझा राग रास्त आहे. तरी ये. आज ज पासून सुरुवात करायची आहे आणि मोठ्यानं म्हणून दाखवणारं घरात तुझ्याशिवाय कोणी नाही.’

असं ते काम सुरू झालं. च, ज, झ यांच्यामागून इ, ई, ए किंवा य आला, तर बहुतेक वेळा उच्चार टाळूचा. हा नियम चार ओळींत लिहून झाला. पण ‘चार’ आणि ‘चारा’? ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’? तिथे नियम हात टेकतो. मग एकेक शब्द घ्यायचा, शर्वीनं तो म्हणायचा आणि बाबांनी वहीत खूण करायची. मंडळातली माणसं आपापल्या घरून याद्या धाडू लागली. रागावलेल्या सहांपैकी चौघांच्याही आल्या. मे महिन्यात एक दिवस तुषार दारात उभा राहिला. ‘‘मला टायपिंग चांगलं येतं,’’ एवढंच म्हणाला. मॅडमनी त्याला खुर्ची दिली. अकरा हजार शब्द त्यानं एकट्यानं भरले आणि भरता भरता तो कोड वाचायलाही शिकला.

सहाचे आठ महिने झाले. नोव्हेंबरच्या शेवटी बाबांनी नवी पट्टी बांधली. आवाज पहिल्याइतका गुळगुळीत नव्हता, शब्दांच्या कडा खरखरत होत्या. पण स्टँडवर जतची गाडी जतचीच म्हणून लागली, आणि चौकशीच्या खिडकीपाशी उभ्या शर्वीनं डोळे पुसले ते कुणापासून लपवले नाहीत. त्याच आठवड्यात मंडळानं सगळा कोड, शब्दांच्या वह्यांसकट, जगापुढे उघडा ठेवला. त्यात एकही बंद फाइल नव्हती. ज्याला हवा त्यानं घ्यावा, वाचावा, बदलावा.

जानेवारीत चंद्रपूरहून एक संदेश आला. पाठवणाऱ्या बाईंना यांच्यापैकी कुणी ओळखत नव्हतं. शर्वीनं वाचायला घेतला आणि तिचा चेहरा पडला.

‘‘बाबा, त्या म्हणतायत, आपल्या कोडात त्यांना चौदा चुका सापडल्या. अकरा त्यांनी स्वतः दुरुस्त करून पाठवल्यात. तीन शब्द आपल्याकडे आणि त्यांच्याकडे वेगळे बोलतात, त्यांचं काय करायचं असं विचारतायत.’’

‘‘चौदा?’’ बाबा म्हणाले, आणि त्या खरखरीत आवाजातूनही त्यांचा आनंद लपेना. ‘‘अगं शर्वे, म्हणजे तिकडे कुणीतरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंय! बस इथे. पहिली कुठली म्हणतात त्या?’’