आतून आलेली थाप

वाचकहो, ही हकीगत कल्पित नाही. ती माझ्या सख्ख्या भाचीच्या, सुकन्याच्या, बाबतीत घडलेली आहे. ज्यांस खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी मानावी. मला तसे मानता आले असते, तर माझीही झोप शाबूत राहिली असती.

स्थळ, वडवणीपासून आडवाटेला असलेली एक लहान वस्ती. काळ, गेल्या मार्गशीर्षातील अमावास्या, दिवेलागणीची वेळ.

दिवाळी सरली की ही वस्ती ओस पडते. धडधाकट माणसे कोयते घेऊन ऊसतोडीला निघून जातात. मागे उरतात म्हातारी माणसे, शाळेची लेकरे आणि दारोदारची कुलुपे. सुकन्याचे आईवडीलही गेले होते. जाताना आईने पहिलीतल्या धाकट्या जीवनचा हात दहावीतल्या सुकन्याच्या हाती दिला. मागल्या हंगामात त्याच्या डाव्या पायाची करंगळी उसाच्या गाडीखाली गेली होती. म्हणूनच यंदा त्याला नेले नव्हते.

"सुकू, जसा देऊन चालले, तसाच माघारी दे मला," एवढेच आई बोलली.

त्यांच्या भिंतीला भिंत लावून त्रिंबक नावाचा इसम एकटा राहत असे.

तो कधीच बाहेर पडत नसे.

समोरची कडूबाई त्याच्या खिडकीत रोज भाकरी ठेवी आणि रिकामी ताटली उचलून नेई. लेकरांनी त्याचे तोंडही पाहिले नव्हते. म्हणूनच ती त्याला भीत. तो कच्ची मांजरे खातो म्हणत. त्याच्या दारावर थाप मारायची आणि पळायचे, हा त्यांचा नित्याचा खेळ होता.

"मुडद्यांनो, कावून छळता रे त्याला?" कडूबाई खेकसे. "त्यो बी ल्हानपणी तुमच्यावानीच हुंदडायचा. त्याच्या शेजारचं म्हातारं मेलं, अन् तवापून बसला घरात."

लेकरे खिदळत.

त्या सायंकाळी वीज गेलेली होती. योगिता नावाची पोर जीवनला म्हणाली, "भिंतीला भिंत तुजी, अन् तूच भेतो? भित्री भागूबाई!"

जीवन गेला. त्याने थाप मारली.

बाकीची लेकरे पळाली.

तो मात्र उभाच राहिला.

कारण आतून…

तशीच थाप आली होती.

हळू. तळहाताची. नेमकी त्याच्याच उंचीवर.

सुकन्या धावत आली. तिने त्याचे मनगट धरले, तोच तिनेही ती ऐकली. पुन्हा एकदा.

"आक्का," जीवन म्हणाला, "त्याचा हात लई गार हाय."

दार तर बंद होते.

सकाळी खिडकीतली भाकरी तशीच होती. कडूबाईने हाका मारल्या. अखेर गावचा कोतवाल शिवशंकर याने दार बिजागरीतून काढले. त्रिंबक दाराला टेकून बसलेला होता. एक तळहात फळीवर.

"अंग लाकूड झालंय," शिवशंकर म्हणाला. "काल सकाळीच गेलाय ह्यो."



आमच्याकडे एक रीत आहे. दहन करून आल्यावर जिथे जीव गेला ती जागा सारवतात. तिथे पीठ पसरतात, दिवा ठेवतात आणि वर कोंबड्या झाकायचे डालगे पालथे घालतात. सकाळी पिठावर ठसा पाहतात. पाखराचा पाय, गाईचे खूर… ज्याचा ठसा, त्या जन्माला मेलेला गेला असे समजतात.

पीठ मात्र घरच्या पुरुषाने पसरावे लागते. त्रिंबकाला कुणीच नव्हते.

"मंग ज्याची भिंतीला भिंत, त्यानं करायचं," कडूबाई म्हणाली. "त्या म्हाताऱ्याचं बी ल्हानग्या त्रिंबकानंच केलतं. तुजा बाप हितं न्हाई, तर जीवन करील."

"आज्जी, शिवशंकर मामा हाईत की!"

"त्याची भिंत लागून हाय का, येडे? मूठभर पीठ तं हाय. लेकराच्या हाताला काय काटा मोडतोय?"

सुकन्याने आपल्याच डब्यातले पीठ दिले. जीवनने ते शांतपणे पसरले. कुणी शिकवल्यासारखे.

घरात घेण्यापूर्वी तिने त्याचे पाय स्वतः धुतले. निजताना आपल्या ओढणीचे टोक त्याच्या मनगटाला बांधले. सकाळी गाठ जशीच्या तशी होती.

शेजारी डालगे उचलले गेले.

पिठावर एक पाऊल होते…

माणसाचे. लहान लेकराचे. डावे.

त्याला करंगळी नव्हती.

कडूबाईने पदर तोंडाशी नेला. कुणी कुणाकडे पाहिले नाही. सुकन्या घरी आली. तिने झोपलेल्या जीवनचा पाय उलटा केला.

तळव्याला पीठ होते.

तिने ते ओढणीने पुसले. ती रडली नाही. तिने चूल पेटवली आणि भाकरी थापायला घेतली.

त्या दिवसापासून जीवन बाहेर पडला नाही. तो दारामागे बसतो. बोलत नाही. फाल्गुन सरता सरता आईवडील परतले. आईने त्याचे तोंड दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिले. मग सुकन्याकडे वळून म्हणाली,

"असा दिलता का गं म्या?"

 

मागील महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. सूर्य कलला होता. सुकन्या तांदूळ निवडत होती. अचानक बाहेरून दारावर थाप पडली आणि लेकरांची पळापळ ऐकू आली.

दारामागे बसलेल्या जीवनने हात उचलला…

आणि आतून तशीच थाप दिली.

पावले विरली. पण दाराच्या फटीखाली एका लेकराची सावली तशीच उभी होती.

सुकन्याने मान वर केली नाही. "मामा, त्या लेकराला आदी घरी लावून या," ती म्हणाली. "मग च्या टाकते."

ते चार-पाच वर्षांचे लेकरू होते. मी त्याचे बोट धरून चालू लागलो. अर्ध्या वाटेत त्याने वर पाहिले.

"काका, त्याचा हात इतका गार कावून हाय?"

दार तर बंद होते.