फ्री थ्रोच्या वेळी ओरडणारी मुलगी

खरं तर तिला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मैत्रिणीनं दंडाला धरून कॉलेजच्या मॅचला ओढत नेलं, पाठिंबा द्यायला जमलेल्या घोळक्यात उभं केलं आणि सांगितलं, "आपले निळे. बॉल आपल्याकडे आला की ओरडायचं. बस्स!"

आता ओरडणं म्हणजे काय, तिच्या घरचंच काम. वडील शिंपी, पुढच्या खोलीत चार-चार शिलाई मशीनं दिवसभर धडधडायची. साधं "बाबा, जेवायला चला" म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं. त्यामुळे अगदी शेवटाला निळ्या संघातला सगळ्यात बुटका पोरगा बॉल घेऊन रेषेवर एकटाच उभा राहिला, तशी हिनं जीव खाऊन आरोळी ठोकली, "हाण रेऽऽ!"

बॉल रिंगला लागून बाहेर. मॅच एका गुणानं गेली. अख्खा घोळका वळून तिच्याकडे बघायला लागला.

मैत्रिणीनं कपाळाला हात लावला. "अगं बये, फ्री थ्रो होता तो! आपला खेळाडू नेम धरतो तेव्हा चिडीचूप राहायचं असतं. ओरडायचं ते त्यांच्या वेळी!"

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

तोंड लपवून ती दाराकडे सटकत होती, तेवढ्यात तोच बुटका समोर. सगळे त्याला टिल्लू म्हणायचे. केस घामानं कपाळाला चिकटलेले, पण नजर... नजर मात्र हसरी.

"ती आरोळी तुझी?"

"माझीच. चुकलं माझं. पण... तुमचा नेम एवढ्याशानं हलतो?"

झालं! बोलून बसली.

"हलला खरा. उद्या संध्याकाळी प्रॅक्टिसला ये."

"कशाला? शिक्षा आहे का?"

"ओरडायला. मी नेम धरला की कानाशी ओरडायचं. तुझ्या आवाजात बॉल आत गेला, की कुणाच्याही गोंगाटात जाईल."

किती साधे दिवस होते ते! उंच खिडक्यांतून येणारं तिरपं ऊन, लाकडी फरशीवर बुटांची चर्रचर्र, तो रेषेवर आणि ती बाजूला. ओरडून ओरडून तरी काय ओरडणार? "सर आले!" "तुझी सायकल नेली कुणीतरी!" "शर्ट उलटा घातलायस!" 'तुमचा'चं 'तुझा' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. बॉल आपला मुकाट जाळीत. वर हा म्हणायचा, "आज काही जमलं नाही हं तुझं, भोंगाबाई."

एके दिवशी तिचं सगळं ओरडून संपलं. मग ती हळूच म्हणाली, "आज छान दिसतोयस..."

बॉल रिंग तर सोडाच, मागच्या फळीलाही लागला नाही.

"हे... हे चालत नाही," तो कानापर्यंत लाल.

"का? नियमात बसत नाही?"

आठवलं की आजही तिला एकटीलाच हसू फुटतं.

पण वर्ष सरत आलं. त्याला लांबच्या गावी कागद कारखान्यात नोकरी लागली. शेवटची मॅच झाली की जायचं. जगाशी तावातावानं बोलणारी ही, पण 'तू मला आवडतोस' एवढं काही ओठांवर येईना. आपण सांगायच्या आधीच तो गेला तर? छे! मॅचहून परतताना, बसमध्ये सांगायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

शेवटची मॅच समोरच्या संघाच्या गावात, त्यांच्या हॉलमध्ये. सगळीकडे त्यांचीच माणसं, त्यांचाच कल्ला. ही एकटी दहा जणांना पुरून उरली. शेवटी टिल्लू रेषेवर आला, तेव्हा हॉलनं छप्पर डोक्यावर घेतलं. त्याचा नेम हलावा? नाहीच हलला. दोन फ्री थ्रो, दोन्ही वेळा बॉल आत!

आनंदानं त्याला हाक मारायला तिनं तोंड उघडलं, तर नुसती हवा. घसा पार बसला होता. आजच? आजच बसायचं होतं मेल्याला?

बसमध्ये तो शेजारी येऊन बसला. "भोंगा बंद?"

तिनं डोळे वटारले. त्या डोळ्यांत पाणी बघून त्यानं थट्टा सोडली. मग बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत म्हणाला, "बरंच झालं. एरवी तू मला बोलू दिलं नसतंस. मी परवा जातोय. तिकडे अजून राहायला खोलीही नाही. पण जरा जम बसला ना, की तुझ्या बाबांना भेटायला यायचं म्हणतोय... तू मला फार आवडतेस गं. तोवर थांबशील?"

तिनं त्याची बाही ओढली. त्यानं कान जवळ आणला, तशी फुटक्या, घोगऱ्या आवाजात ती म्हणाली,

"थांबेन. पण फार वेळ नाही हं!"

आणि खरंच, फार वेळ लावला नाही त्यानं.