मधात दोन म्हशींचं अंतर

रायपूरचं मे महिन्यातलं ऊन असं, की बुढा तालाबातले मासेसुद्धा दुपारी काठावर येऊन सावलीची चौकशी करतात. अशाच एका दुपारी बुढापाऱ्याच्या बोळातल्या नानांच्या स्टुडिओत एक पोट्टा शिरला. रेल्वे वर्कशॉपच्या ओळखपत्रासाठी त्याला फोटो हवा होता. कॅमेऱ्यामागे नानांच्या हाताखाली काम करणारी चेतना उभी होती.

"हनुवटी खाली… अजून… आता ओठ बंद."

"बंदच आहेत."

"मग हलून काहून राहिले?"

"गाणं येऊन राहिलं ना, मॅडम."

"कुठून?"

"तुम्ही 'हनुवटी खाली' म्हणता… तिथून."

चार फोटोंत त्याचं तोंड उघडं आलं. पाचव्यात बंद होतं, तर चेतनाचा हात हलला.

पोट्ट्याचं नाव धम्मदीप. दिवसभर डब्यांची चाकं ठोकायची आणि त्या ठोक्यावर गाणी बांधायची, अर्धी छत्तीसगढी, अर्धी आपली वऱ्हाडी. आतल्या खोलीतून नानांना त्या गाण्याचा वास लागला. कारण नाना म्हणजे एकेकाळचे अल्बमवाले! कॅसेटच्या काळात गाणं फक्त कानाचं होतं. व्हीसीडी आली आणि गाण्याला चेहरा आला, कंबर आली, गॉगल आला. नाना एका सकाळी, एकाच बगीच्यात, काकूंच्या ट्रंकेतल्या साड्यांवर तीन-तीन गाणी उरकत. अभनपूरच्या बाजारात त्यांच्या व्हीसीड्या भाजीच्या आधी संपत. मग मोबाईलवाले मेमरी कार्डात गाणी भरून द्यायला लागले आणि उरलेल्या व्हीसीड्या शेतकऱ्यांनी पाखरं हाकायला शेतात टांगल्या. नाना शपथेवर सांगत, की पाखरं पळत नाहीत, उलट तिथं जोडीनं नाचतात. आता स्टुडिओ चालायचा तो लग्न ठरलेल्या पोरापोरींना दोन मिनिटांचे हिरो-हिरोईन करण्यावर.

"गाणं झकास आहे, बापा," नाना म्हणाले. "व्हिडिओ काढू. हिरोईन म्हणून आपली चेतना उभी राहील."

चेतनाचे बाबा धर्मपाल, रेल्वेतले रिटायर गार्ड. त्यांनी हिरवा झेंडा दाखवला, पण अट घालून. "उभी राहा. पण मधात दोन म्हशी मावतीन एवढं अंतर पाहिजे."

शूटिंग अभनपूरजवळच्या एका तळ्यावर. बांधाच्या या टोकाला धम्मदीप, त्या टोकाला चेतना, आणि नानांची चौकट आडवी, ऐसपैस, दोघांना दोन काठांवर धरणारी. बोलायचं तर ओरडावं लागे.

"मॅडम, जरा जवळ या ना!"

"बाबांनी दोन म्हशी सांगितल्या!"

"इथं तं एकच आहे!"

खरंच, एक म्हैस पाण्यातून वर येऊन बरोब्बर मधोमध उभी राहिली होती.

"मग?"

"मग दुसरीच्या जागी मी येतो!"

चेतना इतकी हसली, की नानांना कॅमेरा बंद करावा लागला. पण पुन्हा गाणं सुरू झालं आणि धम्मदीपनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की… तिच्या हातातली ओढणी वाऱ्यानं उडाली, तरी तिला ती धरायचं सुचलं नाही.

त्यानंतर तो रोज ड्यूटी संपली की स्टुडिओत. ती संगणकावर व्हिडिओची जुळणी करायची, तो शेजारच्या स्टुलावर. त्या टेबलाशी दोन म्हशी कुठल्या, मधे मुंगीसुद्धा मावत नव्हती. मॅडमची चेतना कधी झाली, तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"एक सांगायचं होतं…" तो एकदा म्हणाला.

"सांग ना."

"गाणं लोकांत चालू दे. मग सांगतो. रिकाम्या हातानं तुझ्या बाबांसमोर काय उभा राहू?"

"बाबांसमोर उभा राहायचं म्हणजे… काय आहे असं सांगण्यासारखं?"

"तुले माहीत आहे."

"मले काही माहीत नाही," चेतना म्हणाली. तिला सगळं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि कानानं ऐकणं वेगळं. तिला ते ऐकायचं होतं. बस्, एवढंच हवं होतं तिला.

पण गाणं चाललंच नाही. यूट्यूबवर ते पाहिलं नानांनी, काकूंनी आणि ज्यांचं चुकून बोट लागलं त्यांनी.

"आता आडवं कोणी पाहत नाही," नाना सुस्कारले. "माणसं फोन उभा धरतात, तीस सेकंद पाहतात आणि पुढं सरकतात. एक उभा तुकडा काप."

चेतनानं आडव्या चित्रावर उभी चौकट ठेवली. त्या अरुंद पट्टीत दोघं बसेनात. उजवीकडे सरकवली की ती एकटी, डावीकडे सरकवली की तो एकटा. मधोमध धरली की नुसती म्हैस. तिनं पुष्कळ वेळ ती चौकट इकडून तिकडे ढकलली. आणि मग प्रेमात पडलेली माणसं करतात तसला शहाणपणा तिनं केला. त्याला ठेवलं, स्वतःला कापलं. गाणं त्याचं होतं. ते चाललं की तो बोलणार होता.

आणि गाणं चाललं! कसं चाललं विचारता? त्या तुकड्यात धम्मदीप मान वळवून चौकटीबाहेर कुणाकडे तरी पाहायचा, आणि रीलच्या शेजारी आपला व्हिडिओ जोडायची सोय होतीच. झालं! जिला तिला वाटायला लागलं, हा आपल्यालाच पाहतो. समता कॉलनीतल्या क्लिनिकच्या नर्सा त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या, कॉलेजातल्या पोट्ट्या राहिल्या. एका आजीबाईंनी तर काढून ठेवलेली कवळी पुन्हा बसवली आणि नजरेला नजर दिली. ओढणी सगळ्यांची उडायची, पंखा लावून.

चेतनाची मामेबहीण पायल धावत आली. "दीदी, देखो ना! लगता है ना, मुझे ही देख रहा है?"

"हव," चेतना म्हणाली. "तुलेच पाहून राहिला."

मग मुंबईच्या कंपनीचं बोलावणं आलं. स्टेशनवर धम्मदीपनं तिची बोटं हळूच दाबली. "येतो ना मी. आल्यावर बाबांशी बोलतो."

"आणि माझ्याशी?"

गाडीनं शिट्टी दिली. तो हसला, चढला.

आधी रोज फोन यायचा. मग आठवड्यानं. मग मेसेजला नुसता अंगठा. त्याचा नवा व्हिडिओ आला, तो उभाच काढलेला. धम्मदीप एका कडेला, बाकी चौकट मुद्दाम रिकामी.

"आमच्या टायमाले हिरोईन शोधावी लागे, बापा," नाना म्हणाले. "आता हिरोईन आपला डेटा जाळून स्वतःच हजर होते. एक नाही, लाखो."

एका मुलाखतीत त्याला विचारलं, "त्या पहिल्या गाण्यात आपण कुणाकडे पाहत होता?" तो कॅमेऱ्यात पाहून म्हणाला, "आपकी तरफ. आप सबकी तरफ." चेतनानं ते ऐकलं. फोन पालथा ठेवला आणि कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओवर गुलाबाच्या पाकळ्या टाकत बसली.

दिवाळीनंतर कुणीतरी तो जुना, आडवा, आख्खा व्हिडिओ हुडकून काढला. खाली लोक लिहायला लागले, ही पोरगी कोण? हा तर हिच्याकडे पाहतोय! म्हणजे आम्हाला उल्लू बनवलं!

तिसऱ्या दिवशी भर दुपारी धम्मदीप स्टुडिओत आला. तोंडाला मास्क, अंगाला परका वास. नाना त्याला बघून चहा सांगायला म्हणून बाहेर गेले, ते परत आलेच नाहीत.

"कशी आहेस?"

"पाहून राहिला ना. सांग, काय काढायचं? फोटो?"

"व्हिडिओ," तो म्हणाला. स्टूल तिथंच होतं, पण तो बसला नाही. "तो मोठा व्हिडिओ… काढून टाकशील? स्टुडिओच्या चॅनलवर आहे म्हणून तुले विचारतो. कंपनीवाले म्हणतात, मुझे सिंगल दिखना है. थोडेच दिवस, चेतना. फिर सब ठीक…"

"आमच्याकडे तेवढाच आहे. दुसरी कॉपी नाही. मागच्या पावसाळ्यात डिस्क गेली."

त्याची नजर संगणकाकडे गेली, आणि त्या नजरेत हायसं वाटल्याचं चेतनाला दिसलं. त्याची नजर तिला नीट माहीत होती. तिनंच तर ती कापून चौकटीत बसवली होती.

"काढते," ती म्हणाली. "पण पहिले सांग. त्या दिवशी बांधाच्या त्या टोकाला कोणाले पाहत होता?"

"तुले माहीत आहे."

"मले काही माहीत नाही. सांग. इथं कॅमेरा नाही."

धम्मदीपनं मास्क खाली केला. दाराकडे पाहिलं. बोळातून एक स्कूटर गेली, ती जाईपर्यंत थांबला.

"तुले," तो म्हणाला. "तुलेच पाहून राहिलो होतो, चेतना. आणि अजूनही…"

"अजूनचं विचारलं नाही मी."

तिनं बटण दाबलं. संगणकानं विचारलं, कायमचं काढायचं? तिनं हो म्हटलं. इतके दिवस ऐकायचं होतं ते कानात अजून गरम होतं, तोवर त्याच तोंडातून एक लांब सुटकेचा श्वास बाहेर पडला. तोही तिनं ऐकला.

"थँक्यू," तो म्हणाला. "सच में."

तेवढ्यात दारात किंचाळी. बोळातल्या एका पोट्टीनं त्याला ओळखलं होतं.

"धम्मदीप भैया! हाय राम! एक रील, बस एक! दीदी, आप पकड़ोगे?"

चेतनानं फोन घेतला. पोट्टी लाजून त्याच्यापासून हातभर लांब उभी राहिली. धम्मदीपनं सवयीनं मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. अगदी तसंच पाहिलं. काडीचा फरक नव्हता.

"जवळ ये, बाई," चेतना म्हणाली. "अजून जवळ. घाबरू नको. उभ्या चौकटीतसुद्धा दोघं मावतात… खेटून उभं राहिलं की."