ओटीतली सरकी

ढेकूळ मी काही नेम धरून मारलं नव्हतं. उगं भीती घालायला फेकलं होतं. पण ते बरोब्बर त्याच्या टोपीवर बसलं आणि टोपी कपाशीत जाऊन पडली.

"कोन हाय रे तिथं? आमच्या रानात काय करायलास?"

दिवाळी तोंडावर आली होती, दिवस कलला होता. मी बांधावरची आंबाडी खुडायला आले होते. तर आमच्याच कपाशीत एक माणूस उकिडवा बसलेला. दातात दोरा, हातात दोरा, आणि कळ्यांच्या टोकांना गाठी मारणं चाललेलं! चोर म्हणावं तर चोरण्याजोगं एक बोंड अजून फुटलं नव्हतं.

"हलू नका!" तो ओरडला. ढेकूळ खाऊन वर मलाच हुकूम! "तुमच्या पदराला फांदी अडकलीय... कळी तुटंल."

मी पदर सोडवला. "हे काय करायलात?"

"फुलं बांधायलोय."

"कामून?"

"उद्या उमलू नयेत म्हणून."

आत्ता गं बया! फूल उमलू नये म्हणून बांधून ठेवणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. बरं, दिसायला वेडा वाटत नव्हता. चांगला होता दिसायला... म्हणजे, वाईट नव्हता.

"त्याचं असं आहे," त्यानं घसा साफ केला आणि पुस्तकातलं बोलायला लागला, "कपाशीच्या फुलात पराग असतात. म्हणजे पिवळी पूड. आणि मधोमध एक... एक दांडा असतो. ती पूड त्या दांड्याच्या टोकाला लागली, की मग... म्हणजे... बोंड धरतं."

हे सांगताना त्याचे कान लालभडक झाले.

"मग धरू द्या की."

"धरतंच! फूल बांधलं तरी आतल्या आत धरतं. पण उघडं राहिलं की मधमाशी येती, दुसऱ्याच झाडाची पूड अंगाला लावून. मंग बोंडातली सरकी कुन्या बापाची, हे कसं कळावं मानसाला?"

बोलता बोलता पुस्तक गळून पडलं आणि घरची बोली बाहेर आली. मग आपण एका तरण्या पोरीसमोर काय बोलून बसलो, हे त्याच्या ध्यानात आलं. तो घाईघाईनं टोपी शोधायला वाकला. टोपी पुढ्यातच होती, पण त्याला ती बराच वेळ सापडली नाही.

मी घरी आले तेव्हा आंबाडी बांधावरच राहिली होती.

रात्री जेवताना बाबांनी उलगडा केला. माझे बाबा किशनराव. पूर्णा टेसनापासून कोसभर आमचं गाव, काळीभोर जमीन, पण दोन सालं झाली, कपाशीला मर लागली होती. उभं झाड हिरवंगार असतानाच मान टाकायचं. म्हणून सरकारच्या कापूस खात्यानं हैदराबादेत शिकलेला एक माणूस धाडला होता. बन्सीधर त्याचं नाव, पालमकडचा, आपल्यातलाच. बाबांनी त्याला विहिरीजवळचा तुकडा दिला होता, तिथंच कालपासून छप्पर टाकून तो राहत होता.

"फुलं बांधतंय मनं," चतुराआत्या फणकारली. "मूठभर दोऱ्यानं मर जाती का? मुडदा बशिवला त्या इलमाचा!"

चतुराआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई गेल्यापासून आमचं घर तिच्याच हुकमावर चालायचं. गावाला तहसीलदार माहीत होता तसा आमच्या घराला आत्या. माझ्या वयाच्या पोरींच्या कडेवर लेकरं आली होती आणि मी अजून बिनलग्नाची, हे तिचं मोठं दुखणं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आंबाडीला गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. त्या महिन्यात आमच्या चुलीवर इतकी आंबाडी शिजली की बाबा म्हणाले, "अंबे, गावात दुसरी भाजी उगवायची बंद झाली का गं?"

आणि मी वनस्पतीचं शास्त्र शिकत होते! पांढरा दोरा म्हणजे घरच्या घरी उरकलेलं. लाल दोरा म्हणजे बाहेरचं स्थळ. लाल दोऱ्याच्या फुलाची बन्सीधर आदल्या सांजेला पाकळी सोडवायचा, आतली पुडीची बोंडकं चिमट्यानं काढून टाकायचा आणि वर कागदाची टोपी घालायचा. सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलातली पूड आणून अलगद टोकाला लावायचा. त्याचे हात तेव्हा असे हळुवार चालायचे की मला त्या फुलाचा हेवा वाटायचा. खरं सांगते, वाटायचा.

"आपली गावरानी धाग्याला लांब," तो सांगायचा, "पण मर लागली की खलास. दुसरं वाण दांडगं, मरीला दाद देत न्हाई, पण धागा आखूड. दोघांचं जमलं तर लेकरात दोन्हीचे गुण उतरतील."

"आणि आईचा रोग आन बापाचा आखूड धागा उतरला तर?"

तो मोठ्यानं हसला. "तसलेबी निघतील. त्यांच्या लेकरांत तर हरेक नमुना निघतो. त्यातून निवडायचं... लय सबुरीचं काम हाय."

"तुमच्या घरी कुनावर गेलात तुमी?"

"मी? नाक आईचं. आन भित्रेपना वडलांचा."

एवढं बोलणं चालायचं, पण माझ्याबद्दल? चकार शब्द नाही. एकदा सकाळी अवचित आभाळ आलं आणि टपटप थेंब पडायला लागले. तो छत्री घेऊन पळत आला. आला, माझ्यासाठी आला! मी पदर सावरून उभी राहिले. त्यानं छत्री उघडली... आणि फुलावर धरली.

"पूड भिजली की फुटती," तो म्हणाला.

मी नखशिखांत भिजले. पुढं दोन दिवस शिंकत होते आणि आत्याचा काढा पीत होते. या माणसाच्या डोळ्यांना कपाशीपलीकडं काही दिसतं का? मी दिसते का? एवढाच एक सवाल मला छळत होता, आणि त्याचं उत्तर कुठल्याच फुलात नव्हतं.

बोंडं पिकली, तडकायला लागली. नेमका त्याच वेळी बन्सीधरला परभणीहून सांगावा आला. खात्याचे मोठे अधिकारी मोहतमीम साहेब मुआयन्याला, म्हणजे काम तपासायला, निघणार होते. लाल दोऱ्याची सरकी दाखवली तर काम पुढं चालणार, नाहीतर छप्पर मोडून लांब कुठंतरी तबादला. तयारीच्या बोलण्यासाठी तो दोन दिवस परभणीला निघाला.

"लाल दोऱ्याला कुनाचा हात लागू देऊ नका," त्यानं बाबांना बजावलं. बाबांनी मान डोलावली आणि आत्याला सांगायचं साफ विसरले.

मी सांगितलं असतं. पण मी बाहेरची होते. परसात घोंगडीवर बसून होते, आणि घरात काय शिजतंय याचा मला पत्ता नव्हता.

शिजत होता भात. सीतादहीचा. आमच्याकडं वेचणी सुरू करायच्या आधी बाया रानात दहीभात नेतात, देवीला दाखवतात, चहूकडं शिंपडतात. आमच्या घरची अजून एक रीत होती. चांगली चांगली झाडं हेरून थोरल्या बाईनं त्यांना आधी लाल दोरा बांधायचा. त्या झाडांची बोंडं पहिल्यांदा वेचायची, त्या कापसाची वात देवीपुढं लावायची.

यंदा आत्याचा गुडघा धरला होता. लंगडत रानात पोचते तर काय... लाल दोरे आधीच बांधलेले! एक नाही, दोन नाही, रांगच्या रांग!

"बाई बाई बाई!" आत्याला म्हणे भरून आलं. "मी उगं त्या लेकराला नावं ठिवली. किती धर्माचं हाय बगा! मह्या गुडघ्यासाठी दोरे बांधून गेलं!"

आणि तिनं झाडून सगळी लाल दोऱ्याची बोंडं वेचून घेतली.

मी न्हाऊन घरात आले त्या सकाळी आत्या खुशीत होती. देवीपुढं टपोऱ्या वाती जळत होत्या. आत्यानं मला पाटावर बसवलं आणि माझी ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि पहिल्या वेचणीची सरकी. उपवर पोरीच्या ओटीत ती सरकी घालायची, गाठ मारून देवापाशी ठेवायची. पोरगी लग्न होऊन गेली की तीच सरकी सासरच्या रानात पेरते. तोवर गाठ सोडायची नाही.

"यंदा उरकूनच टाकते बग तुझं," आत्या म्हणाली.

तेवढ्यात ओसरीवर बन्सीधर येऊन थडकला. टेसनावरून थेट रानात गेलेला, तिथून पळत इथं. टोपी हातात, तोंडाला फेस.

"माझी बोंडं?"

"देवीला वाह्यली की!" आत्या कौतुकानं म्हणाली.

"सरकी... सरकी कुठंय? म्हशीला तर न्हाई ना घातली?"

"म्हशीला कामून घालीन? ओटीत हाय."

"कुनाच्या?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हातातल्या गाठोड्याकडं बघितलं. बाबांनी कपाळावर हात मारला आणि काय घडलं ते आत्याला समजावून सांगितलं. तिचा चेहरा पडला, पण रीत ती रीत.

"पायलीभर दुसरी सरकी देतो," बन्सीधर काकुळतीला आला. "दिसायला अगदी हीच. ही बदलून द्या."

"दिसायला हीच हाय तर तीच दाव तुझ्या सायबाला!"

"दिसायला आईसारखीच असती, आत्याबाई! बापाचं काय उतरलं ते रोप वाढल्यावर कळतं. मी सायबाला कसं फसवू?"

"ओटी म्हंजे काय बाजार हाय का रे, बदलून द्यायला? ती पोरीसंगं जाती. जिथं पोरगी, तिथं सरकी. झालं."

बन्सीधरनं एकवार गाठोड्याकडं बघितलं, एकवार आत्याकडं.

"मंग पोरगी द्या!"

मग बाबा हळूच म्हणाले, "पालमचे तसे आपले सोयरेच निघत्यात..." आणि आत्या गुडघा विसरून उठली. "साखर आना गं कुनीतरी!"

मी खांब धरून उभी होते. ज्या शब्दाची मी इतके दिवस वाट बघितली, तो आला... आणि आला तो सरकीच्या मागं मागं. मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"मला इचारलं का कुनी?" मी म्हणाले. "लगीन सरकीशी लावायचं असंल तर खुशाल लावा. मी न्हाई पाटावर उभी राहनार."

आणि आत जाऊन चुलीपुढं मनसोक्त रडले. बाहेर तो काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता, पण बोलायला लागला की पुस्तकातलं निघत होतं.

दुपारी आत्याचा डोळा लागला. मी देवापुढचं गाठोडं उचललं, गाठ सोडली, सरकी पदरात घेतली आणि रान गाठलं. आमच्या घरात आजवर कुठल्या पोरीनं हे केलं नसेल. पण मला कुणाच्या गळ्यात सरकीबरोबर फुकट जायचं नव्हतं.

तो छपराबाहेर गुडघ्यात मान घालून बसला होता. मी पदर त्याच्या पुढ्यात रिकामा केला.

"घ्या. साहेबाला दावा. आता लगीन करायची गरज न्हाई तुमाला."

त्यानं आधी सरकीकडं बघितलं! झडप घालून उपरण्यात गोळा केली, तांदूळ वेचून काढले, हळदकुंकू फुंकून टाकलं, मांडीशी गच्च धरली आणि मोठा श्वास सोडला. मी पाठ फिरवली. मिळालं माझं उत्तर.

"थांबा... अंबिका."

माझं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं.

"सकाळी मागनी घातली ती चुकली," तो उठून उभा राहिला. "पन आता बगा. सरकी मह्यापाशी हाय. तबादला टळला. तुमच्याकडून घेन्यासारखं आता काईच उरलं न्हाई. म्हनून आता इचारतो... मह्याशी लगीन करता का?"

मी वळले. त्याचे कान लाल झाले होते.

"इतके दिवस तोंड शिवलं होतं का?"

"भ्यायलो होतो." तो मातीकडं बघत म्हणाला. "पांढऱ्या दोऱ्याचं काम कवाच संपलं होतं. पन तुमी सांजच्याला यायच्या... मंग मी आपला बांधतच बसायचो. निम्मी कपाशी फुकटच बांधून ठिवलीया. सायबानं इचारलं तर काय सांगावं, हेबी मला कळंना झालंय."

मी विहिरीपलीकडं बघितलं. खरंच की! शेवटच्या ओळीपर्यंत सुकलेल्या फुलांवर पांढरे दोरे लोंबत होते. माझे डोळे भरून आले, ते मी पदरानं पुसत राहिले.

मला रडताना बघून तो अजूनच गडबडला. "न्हाई म्हनलात तरी सरकी मागारी द्यायचो न्हाई बरं का. आधीच सांगून ठिवतो. ती सरकारी हाय."

मला हसू आवरेना. हसता हसता मी बांधावर मटकन बसले. लग्न मागताना इतकं खरं बोलणारा माणूस पुन्हा मिळाला नसता.

"हो," मी म्हणाले. "करते."

तो काही बोलणार, तेवढ्यात गावाकडून आत्याची आरोळी आली. "अंबेऽऽ! ओटी कुठंय गं देवापुढली?" लंगडत, तणतणत ती वाटेला लागली होती आणि तिच्या हातात लाटणं होतं. बन्सीधरचा चेहरा पांढराफटक पडला, उपरणं छातीशी धरून तो छपरामागं सटकायला निघाला.

मी त्याची बाही धरली. "आता पळून कुठं जायलात? आता ती तुमचीबी आत्या हाय."