कोरी नळी

विसरभोळेपणात माझा हात कोणी धरणार नाही.

त्या दिवशी मुठा गावावरच्या देवराईतून माती आणायला गेले होते. झाडांच्या मुळांशी कोणते जिवाणू, कोणती बुरशी नांदते, ते त्यांच्या डीएनएवरून ओळखायचं, हे विद्यापीठातलं माझं काम. मातीच्या नळ्यांबरोबर एक कोरी नळी असते, आत नुसतं शुद्ध पाणी. ती रानात क्षणभर उघडून बंद करायची. तपासणीत ती कोरी निघाली, तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. मी ती उघडायलाच विसरले. आठवलं ते दिवेलागणीला, खाली गावात मी उतरले होते त्या तुळजाबाईंच्या ओट्यावर. तिथेच उघडली. कोण बघतंय!

तुळजाबाईंनी उंबऱ्याबाहेर पाण्याचा तांब्या ठेवला.

"कोणी येणार आहे का?"

"आमचं मालक. देवराईत लाकूड तोडाया गेलं, ते माघारी आलंच न्हाईत. लोक म्हनत्यात, पळालं. आता पोरगं पुन्याजवळ नांद्याला फ्लॅटवर चल म्हनतंय. पर ते आलं, अन् दारात पानी नसलं तर...?" त्या थांबल्या. "पोरी, तुज्या मशिनीत कळंल का गं, ते येत्यात का न्हाई?"

पाऊस नव्हता, तरी ओल्या मातीचा वास येत होता.

मातीच्या नळ्या नेहमीसारख्याच निघाल्या. कोऱ्या नळीत मात्र देवराईतल्या जुन्या हिरड्याच्या मुळाची बुरशी होती, आणि माणसाचा डीएनए. पुरुषाचा. आमच्या प्रयोगशाळेत मी आणि किमया, दोघीच. तिने पुन्हा तपासलं. तेच! भीती वाटायला हवी होती. मला मात्र आनंद झाला, नवं काही सापडलं की होतो तसा.

तुळजाबाईंना सांगायला मुद्दाम गेले.

"म्हंजी... येत्यात." त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग विचारलं, "ती नळी मागनं कुटं उघडलीस?"

"आमच्या प्रयोगशाळेत."

"मंग आता तितंच येत असत्याल." त्यांनी तांब्या उचलून जास्वंदीला ओतला. "बरं झालं बाई. मी जाते पोराकडं. तू पानी तेवढं ठेवत जा. पानी दिसलं की मानूस उंबऱ्याभाईर थांबतं."

मी हसले. पण रोज प्रयोगशाळेतून निघताना दाराबाहेर बीकरभर पाणी ठेवू लागले. सकाळी बीकर रिकामा असे, तळाशी चिमूटभर माती. तीही तपासायचा मोह होई.

काल ठेवायला विसरले.

आज सकाळी मी आणि किमया बाहेर उभ्या आहोत. प्रयोगशाळेला आतून कडी आहे.