नरसिंगराव खरंच रुसले होते?

"तोंड आणखी फुगव, शुभंकर. नरसिंगराव रुसलेत!" उल्हासकाका ओरडले.

जयनगरच्या मराठी मंडळात सुट्टीतल्या नाटुकल्याची तालीम चालली होती. नाटुकलं होतं मंडळाच्या भूमिपूजनाचं. जागा शोधली नरसिंगरावांनी, पण अध्यक्ष दुसराच झाला, म्हणून ते रुसून पूजेला आलेच नाहीत, असं काका दरवर्षी मुलांना शिकवायचे आणि सगळे पोट धरून हसायचे. नरसिंगरावांच्या कन्या शारदाक्का जवळच बनशंकरीला राहायच्या. या हसण्यापायी त्यांनी मंडळात येणंच सोडलं होतं.

"काका, ते आले नाहीत हे ठीक. पण रुसले हे कशावरून?" शाल्मलीनं विचारलं.

"अगं, सगळेच म्हणतात."

सगळे म्हणतात, म्हणजे संपलंच की! शाल्मलीला काही ते पटेना. तिनं भिंतीवरच्या भूमिपूजनाच्या फोटोचा मोबाइलवर फोटो घेतला आणि मोठा करून पाहिला. रस्त्यापलीकडे एक माणूस उभा होता, डोक्याचा गोटा केलेला. त्याचं बोट धरून एक चिमुरडी उभी होती.

"आजोबा गेले तेव्हा माझ्या बाबांनी असाच गोटा केला होता," शुभंकर हळूच म्हणाला.

हे नरसिंगरावच तर नसतील? घरी विचारून दोघं ऑटोनं थेट बनशंकरीला शारदाक्कांकडे गेले. फोटो पाहून शारदाक्कांनी चष्मा काढला आणि पदरानं डोळे पुसले.

"हे आमचे अण्णा. आणि ही मी. त्याच आठवड्यात माझी आजी, अण्णांची आई, गेली होती रे. सुतकात पूजेला कसं जायचं? म्हणून पलीकडूनच हात जोडले त्यांनी."

"अध्यक्ष केलं नाही म्हणून वाईट वाटलं होतं का त्यांना?" शाल्मलीनं विचारलं.

"वाटलंही असेल. ते मला ठाऊक नाही. पाहिलं तेवढं सांगते." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "तेव्हाही मी हेच सांगत होते. पण लहान पोरीचं ऐकतो कोण?"

पुढच्या तालमीत दोघांनी सगळं सांगितलं, तेव्हा काकांनी तो फोटो नीट पाहिला. मग शाल्मलीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास, पोरी. मी ऐकलं तेच खरं धरून शिकवत राहिलो. शारदाक्कांना आणायला मीच जातो."

नाटुकल्याच्या दिवशी शुभंकर रंगमंचाच्या कडेला एकटाच हात जोडून उभा राहिला. या वेळी कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतून शारदाक्का उठल्या, सावकाश पायऱ्या चढल्या आणि त्यांनी त्याचं बोट धरलं.

"सुतक फिटलं, अण्णा," त्या म्हणाल्या. "चला, आता आत जाऊ."