पुतळीच्या बाळाची नजर

लग्न होऊन रोह्याला आले त्याच वर्षीची गोष्ट. बाजारात आमचा फोटो स्टुडिओ. पाटीवर 'दिनानाथ फोटो'. जे नाव तोंडानं घ्यायचं नव्हतं ते येता-जाता वाचायला मिळे, तेवढीच चैन. माहेर माझं पेणजवळच्या हमरापूरचं, गणपतीच्या कारखान्यातलं. ब्रश हाताला बसलेला, म्हणून काळ्या-पांढऱ्या फोटोंत रंग भरायचं काम माझ्याकडे आलं. लोक पाहिजे तेवढे गोरे होऊन घरी जात.

एका दुपारी जवळच्या निडी गावाहून पुतळी नावाची बाई आली. तिच्या बाळाचा फोटो यांनीच काढला होता, जन्माच्या दुसऱ्या दिवशी, खिडकीच्या उजेडात. तसा फोटो यांच्या हातून पुन्हा निघाला नाही. दुपट्यात गुंडाळलेलं, मूठ हनुवटीखाली, डोळे मिटलेले. फोटो धुऊन सुकेपर्यंत बाळ गेलं होतं.

तिनं फोटो पदरानं पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"वयनी, याचं डोळं उघडून देशील?"

"फोटोत?"

"व्हय गो. रडला, अंगाला अंग लावून निजला, पन डोळं उघडलंच नाय. मला बघितलंच नाय त्यानं... तू गनपतीचं डोळं आखायचीस म्हनं."

हे आतून म्हणाले, "अहो बाई, कागद आहे तो." मग मला, "जमेल का गं?"

मी मान हलवली. नवी सून होते, नाही म्हणायची सवय लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हे एका मुंजीचे फोटो काढायला गेले. वीज गेलेली. पंखा थांबला की स्टुडिओत फक्त फोटो धुण्याच्या औषधांचा आंबूस वास उरायचा. फोटो टेबलावर आडवा ठेवून मी त्यावर ओणवी झाले. ब्लेडच्या टोकानं पापण्या खरवडल्या, पांढरा भरला, बुबुळं टेकवली. उजवं झालं. डावं होता होता औषधांचा वास गेला आणि ओव्याच्या धुरीचा आला, बाळंतिणीच्या खोलीतला... मी ब्रश उचलला, रोखलेला श्वास सोडला. टेबलावर आणखी कुणीतरी सोडला. लहानसा.

पुतळी आली तेव्हा हे दुकानात होते. तिनं फोटो हातात घेतला, तिरका केला, सरळ केला.

"माझ्याकडं नाय बघत."

"फोटोतलं माणूस सगळ्यांकडंच बघतं, बाई," हे म्हणाले.

"नाय वो. वयनीकडं बघतो."

मी कोपऱ्यात कपाटापाशी उभी होते. पाहिलं. खरं होतं. दाराकडे सरकले... तिकडेही.

तेव्हा मला बाबांचं बोलणं आठवलं. आमच्या कारखान्यात डोळे आखायचे ते कडेला बसून. समोर तोंड आणायचं नाही. पहिली नजर आपली नाही, गणपती ज्यांच्या घरी जायचा त्यांची. आणि मी तर बाळाच्या तोंडावर ओणवी होते. कागद म्हणून.

पुतळी रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू माझ्यामागं हुबी रा."

मी तिच्या पाठीशी उभी राहिले, हनुवटी तिच्या खांद्याला टेकेल इतकी जवळ. तिनं फोटो तोंडासमोर धरला.

"आता बघतोय... हलू नको गो."

मग ती दर बाजाराला येऊ लागली. हे दाराचा पडदा ओढायचे आणि चहा सांगायला बाहेर जायचे. माझ्याकडे येणारी नजर वाटेत तिला लागायची, तेवढ्यावर ती आठवडा काढायची. कधी त्याच्याशी बोलायची. "सर्दी झाली का रं?" असं काहीबाही. मी श्वाससुद्धा जपून घ्यायची.

एके दिवशी ती बोलता बोलता थांबली.

"वयनी, आज चेहरा कसा केलाय बघ. भुकेला हाय गो..."

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं, आणि माझी छाती दाटून आली. खरीखुरी, दुखेपर्यंत. पोलकं ओलं लागलं. मला दिवस नव्हते. आदल्या आठवड्यातच मी चार दिवस बाजूला बसून उठले होते.

पुतळीच्या पाठीला ओल लागली असावी. ती वळली. माझ्या पोलक्याकडे बघत राहिली, बराच वेळ. डोळे भरले, पण पाणी पडलं नाही.

"पाज त्याला," ती म्हणाली. आणि मानेखाली तळहात धरून, सांभाळून, तो फोटो माझ्या हातांत दिला.